देवाच्या छत्रीतले सूर्य

भिकाजी चालताना वर बघत चालायचा. ठेच लागली की रस्त्याला शिव्या द्यायचा.

इंद्रधनुष्य दाखवताना बोट करायचा नाही. कोपर करायचा. बोट केलं की ते लाजून फिकट होतं, असं त्याचं मत.

चंद्राला खळं पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या प्रत्येक दारात उभा राहायचा. "खळां पडलां हा गो बाये. छत्री भायर काढ." मग तो मे महिना असो की थंडी.

सूर्य समुद्रात बुडताना टोपी काढायचा. बुडाल्यावरही थोडा वेळ तसाच उभा राहायचा. न जाणो, परत वर आला तर.

जेवायला बसला की ताट कवडशात ठेवायचा. छपरावरच्या मातीच्या नळ्यांच्या फटीतून जमिनीवर उन्हाचा ठिपका पडतो, त्यात. ठिपका सरकला की ताट सरकवायचा, ताटामागून पाट. पहिला घास दाराशी आणि शेवटचा चुलीशी. त्याची बायको तुळसा शेजारणीला म्हणायची, "माझो घोव जेवता काय जमीन मोजता, काय कळना नाय."

आमचा गाव आचऱ्याच्या अलीकडे, समुद्राला लागून. एस.टी. थांबते तिथे भिकाजीचं छत्रीदुरुस्तीचं दुकान होतं. मी कोल्हापुरातून मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गावच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. शाळा सुटली की त्याच्या दुकानात बसायचो. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. तरी मी त्याला भिकाजी म्हणायचो. काका म्हटलं की तो मागे वळून बघायचा, कोण आलं म्हणून.

त्याचा सगळा जन्म भोकांत गेला. छत्री उघडायची, उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, भोक हेरायचं. भोक सापडल्यावरही तो त्यातून बघत राहायचा. गिऱ्हाईक समोर ताटकळत असे.

"काय दिसता रे?"

"आभाळ."

"मगे ता हयसून दिसना नाय?"

"दिसता. पण ता सगळ्यांचा. ह्या तुझ्या छत्रीतला."

आंबोलीबद्दल त्याला फार आदर होता. तिथे नवी छत्री एक पावसाळा पुरा काढत नाही, असं त्याने ऐकलं होतं. "थंय माझ्यासारख्याक देवळात ठेवतले," तो म्हणायचा. तिथे गेला मात्र कधी नाही. कारण तिथे आभाळच दिसत नाही, असंही त्याने ऐकलं होतं.

बासष्ट सालच्या पौषात अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, अशी हूल उठली होती. देवळादेवळांतून होम पेटले. भिकाजीला जगाचं काही नव्हतं. आठ ग्रह एका जागी बघायला मिळणार म्हणून तो खुशीत होता. वाडीभर सांगत फिरला, "असा परत गावाचा नाय."

त्याचा चुलतभाऊ धोंडू. त्याने याचा अर्थ वेगळा घेतला. परत मिळायचं नाही म्हणून त्याने आपल्या सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या.

ग्रह जमले ते सूर्याच्या अवतीभवती. त्या उजेडात एकही दिसला नाही. भिकाजी दिवसभर किनाऱ्यावर उभा राहून परत आला. "आठ जण एका जागी इले आणि एकय दिसना नाय," तो म्हणाला, "पंचायतीची मिटिंगच मगे."

जग बुडालं नाही. धोंडूच्या कोंबड्या परत आल्या नाहीत. धोंडूने ते मनात ठेवलं.

आता देवाच्या छत्रीबद्दल.

कार्तिकी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी देवदिवाळी असते. त्या दिवशी आमच्या ग्रामदेवाची पालखी निघते. पालखीवर लाल रेशमी छत्री धरायची, ती वर्षभर घरात सांभाळायची आणि धड ठेवायची, हा मान भिकाजीच्या घराचा. आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण मान सोडणार नाही. मुंबईला गोदीत काम करणारे लोक पालखीचा दांडा चार पावलं खांद्यावर घ्यायला रजा काढून येतात. भिकाजीकडे दुसरं काही नव्हतं. मूल नाही, शेत नाही. माड दोन, त्यातला एक धरत नव्हता. छत्री होती. त्या एका दिवशी सगळा गाव त्याच्या मागून चालायचा.

तो चुकला, किंवा मेला, तर मान धोंडूच्या घरात जाणार होता.

पासष्ट साली दसरा झाल्यावर भिकाजीने पेटी उघडली. छत्रीला कसर लागली होती. रेशमाला तांदळाएवढी भोकंच भोकं. गावकर बघायला आले. गावकर म्हणजे गावाचे पहिले मानकरी. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं ते त्यांनीच. ते बोलले थोडंच.

"अमावाशेच्या सांजेपर्यंत एक भोक दिसता नये. नाय तर देवाक कौल लावतलंय."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही. त्यावर अपील नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. छत्री अंगणात उघडून ठेवली होती आणि तो तिच्याखाली उकिडवा बसला होता. हातात सुई नव्हती.

"मास्तर, हडे ये. खाली बघ."

सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे ठिपके होते. रुपयाएवढे, गोल.

"आता वर बघ."

वर भोकं होती. लांबट, तिरकी, त्रिकोणी. कसर काही कंपास घेऊन बसत नाही.

"भोकां वाकडी. उजेड गोल. कित्याक?"

मी चार वर्षं रस आणि अलंकार शिकलो होतो. हे त्यात नव्हतं.

"माका कळलां हा," तो हळूच म्हणाला. "ह्यो उजेड नाय. हे सूर्य आसत. देवाच्या छत्रीखाली सूर्य स्वता येता."

"इतके सूर्य?"

"जितकी भोकां तितके."

मला हसू आलं. मग मी त्या ठिपक्यांकडे नीट बघितलं. वाऱ्याने छत्री हलली, तसे ते सगळे एकदम हलले. आलेलं हसू तिथेच राहिलं.

"दुसऱ्या छत्रीक भोक पाडून बघूया," मी म्हटलं.

"सूर्य काय कोणाच्याय छत्रीत येतलो? तेका काय कामधंदो नाय?"

हा माणूस जन्मभर छत्र्यांची भोकं वर तोंड करून बघत आला होता. त्यांच्यातून खाली काय पडतं, ते त्याने कधी बघितलंच नव्हतं.

त्याने पंचांग काढलं. कार्तिकी अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण होतं. "ठिपके चावलेले दिसले तर सूर्य. नाय तर नुस्तो उजेड." तर्क बिनचूक होता. एवढंच, की त्यासाठी छत्रीची भोकं ग्रहण सुटेपर्यंत राहायला हवी होती, आणि त्यातला एकही सूर्य आधी बुजवायला तो तयार नव्हता.

"आणि सांजेपर्यंत शिवून झाली नाय तर?"

"गिराण सुटला काय बसतंय. सांजेक मोकळो."

"पण नाय झाली तर?"

"तर मान गेलो."

त्याने टोपी घातली. काढली. परत घातली.

त्या वर्षी गाव आधीच घाबरलेला होता. नुकतीच लढाई थांबली होती. त्यातून पहाटे पूर्वेला शेंडेनक्षत्र दिसायला लागलं. ते बघायला भिकाजीने सगळ्या वाडीला अंथरुणातून उठवलं होतं, आणि त्याबद्दल वाडीने त्याला अजून माफ केलं नव्हतं. आता ग्रहण. अमावास्येच्या सकाळी एक दार उघडं नव्हतं. मडक्यांवर तुळशीची पानं ठेवून माणसं आत गप्प बसली होती. मी मागच्या दाराने निसटलो.

भिकाजीने छत्रीचा दांडा पोफळीला बांधला होता, तिरका, सूर्याकडे तोंड करून. ठिपके त्याच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर पडले होते. तुळसा आतून खिडकीशी उभी होती.

"मास्तर, तू शिकलेलो मां? तेंका आत हाड."

"हाडतंय," मी म्हटलं, आणि तिथेच उभा राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. भिकाजीचं तोंड उतरत चाललं. मग एका ठिपक्याची कड गेली. कुणीतरी घावनाचा लचका तोडावा तशी. मी दुसऱ्याकडे बघितलं. त्याचीही गेली होती. सगळ्यांची, एकाच बाजूने. भिंतभर चावलेले सूर्य.

"चावलो!" भिकाजी पंचा सावरत नाचायला लागला. "मास्तर, चावलो!"

शेजारच्या घरातून बंद दारामागून काशीबाईचा आवाज आला. "कोणाक चावलो रे? जनावर आसा काय?"

"सूर्याक गो, सूर्याक!"

"मगे वराड कित्याक? तो खंय वराडता?"

भिकाजीला उत्तर द्यायला वेळ नव्हता. "तुळसा, भायर ये! देवाच्या छत्रीत सूर्य इले!"

मग तुळसा ओरडली.

"तुमचे सूर्य ऱ्हवांदेत भायर! हंय माझ्या हंड्यार काय पडलां हा, ता बघा आधी!"

आम्ही आत धावलो. काळोख होता. हंड्यावर एक चावलेला सूर्य होता. भिंतीवर दोन. तांदूळ धुवायच्या रवळीवर एक. भाताच्या मडक्यावर, तुळशीच्या पानाला खेटून, एक. नळ्यांच्या प्रत्येक फटीतून एकेक उतरला होता. भिकाजी रोज ताट ठेवायचा, तिथेही एक होता.

भिकाजी त्या जागेकडे बघत राहिला. मग पाट ओढून बसला.

"मास्तर, म्हणजे मी रोज सूर्य ताटात घेऊन जेवतंय?"

"दिसता तसा."

"तो हंय पण येता? माझ्या घरात?"

"इलो हा मां."

"म्हणजे छत्रीची भोकां ठेवूची गरजच नव्हती?"

"नव्हती."

तो उठून दारात गेला. फणसाखालचं सगळं अंगण चावलेल्या सूर्यांनी भरलं होतं. पानापानातून गळत होते. देवाच्या छत्रीत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. भिकाजीने फणसाकडे असं बघितलं, जणू त्याने इतकी वर्षं ही गोष्ट मुद्दाम लपवली होती.

तोवर वाडीभर ओरडा सुरू झाला होता. ग्रहणाला भिऊन गाव घरात बसला होता आणि ग्रहण नळ्यांतून घरात उतरलं होतं. कुणाच्या पाळण्यात, कुणाच्या देव्हाऱ्यात. गावकर पांढरं पांघरूण घेऊन आडवे होते. त्यांच्या पोटावर तीन पडले. बायको किंचाळली म्हणून ते पालथे झाले. मग तिन्ही सूर्य पाठीवर आले.

ग्रहण सुटलं. आंघोळी झाल्या. केस वाळायच्या आत धोंडूने गावाला कारण पुरवलं. देवाची छत्री वेधात उघडी टाकली, तिच्या भोकांतून गिराण खाली आलं आणि घराघरात शिरलं. हे सगळ्यांना पटलं. मला देखील, ऐकताना, थोडं पटलं.

भिकाजी शिवायला बसला. रेशीम सुईखालून सरकत होतं. तुळसाने दोरा ओवून दिला, परत परत. कट्टा गावच्या बाजारातून आणलेलं लाल रेशीम पुरलं असतं, दिवस पुरला नाही. त्या संध्याकाळी तो टोपी काढायला किनाऱ्यावर गेला नाही. सूर्य आपला आपण बुडाला. दिवा लागला तेव्हा एका बाजूची थोडी भोकं बुजली होती. बाकीची होती तशीच.

देवदिवाळीला सकाळपासून देऊळ भरलं. छत्री खांबाला टेकवून ठेवली होती. भिकाजी तिच्याजवळ उभा होता, धुतलेला सदरा घालून. तुळसा बायकांत, दाराशी. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. गावकरांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"आज ह्यो भिकाजी तुझ्या पायाकडे उभो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेना गिराण बघूक म्हणान तुझ्या छत्रीची भोकां तशीच ठेवल्यान."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीचा होता. त्याला सवयच होती.

"ता गिराण गावात शिरलां. कोणाच्या हंड्यार पडलां, कोणाच्या रवळीर पडलां..."

"आणि तुमच्या पोटार," काशीबाई मागून म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

गावकर क्षणभर थांबले. धोंडूने संधी साधली. "माझ्या कोंबड्यांचा पण सांगा."

"कोंबड्यो तूच खाल्लंस मां रे? तेचा देवान काय करूचा?"

"पण तेच्या सांगण्यान खाल्लंय."

"बरे लागले मां? मगे गप ऱ्हव." गावकर परत देवाकडे वळले. "तर म्हाराजा, छत्रीचो मान भिकाजीच्या घरातसून काढून धोंडूच्या घराक देवचो आसात, तर उजवी दी. नाय तर डावी दी. आणि लेकरांची काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मग सगळ्यांनी माना उंचावल्या. पाकळ्या हलल्या नाहीत. ढोलवाले ढोल खाली ठेवून बसले. मुलं रडून दमली. उजवी पाकळी कडेला किंचित सुटली, तेव्हा तुळसाने पदर तोंडात घातला. पण ती तशीच राहिली.

"देव इचार करता," गुरव म्हणाला.

मी भिकाजीकडे बघितलं. तो पाकळ्यांकडे बघत नव्हता. त्याच्याने बघवत नव्हतं. तो खाली बघत होता. देवळाच्या छपरातून एक कवडसा गावकरांच्या पायापाशी पडला होता. भिकाजीने मला कोपराने ढोसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मास्तर," तो कुजबुजला, "पुरो झालो."

कवडसा गोल होता. कुठे कड गेलेली नव्हती.

डावी पाकळी पडली.

"व्हय म्हाराजा!" हे कुणी न सांगता सगळे म्हणाले. तुळसा दारातच खाली बसली. धोंडूने वाकून जमिनीवरची पाकळी नीट बघून घेतली. ती डावीच होती.

"शिमग्यापर्यंत भोकां बुजव," गावकर भिकाजीला म्हणाले. "देवाच्या डोक्यार गळकी छत्री बरी दिसना नाय."

पालखी निघाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. भिकाजीने छत्री उघडली आणि देवाच्या चांदीच्या मुखवट्यावर गोल गोल सूर्य पडले. भोयांच्या खांद्यांवर पडले. फुलांवर पडले. भिकाजी चालायचा तसे तेही चालायचे. काशीबाई रस्त्याच्या कडेला हात जोडून उभी होती. "सुटलो गो बाय सूर्य," ती म्हणाली. एक ठिपका धोंडूच्या सदऱ्यावर जाऊन बसला. धोंडू बाजूला झाला. वळणावर तो परत त्याच्यावर आला.

गावकरांनी रिवाजाप्रमाणे पुढे तोंड करून पालखीच्या पुढे चालायचं असतं. त्या वर्षी ते अर्धी वाट पालखीकडे तोंड करून, मागे मागे चालले. देवाकडे पाठ नको, असं त्यांनी कारण दिलं. आधी इतकी वर्षं ती होती.

भिकाजी त्या दिवशी पहिल्यांदाच खाली बघत चालला. त्याला ठेच लागली नाही.

त्यानंतर तो दुकान बंद केल्यावर देवाची छत्री घेऊन बसायचा. भोक बुजवायच्या आधी त्यातला सूर्य एकदा तळहातावर घ्यायचा. "ह्यो बघ, वायच बारको. ह्यो बरो. ह्यो धोंडूसारखो, जागेर ऱ्हवना नाय." मग टाका घालायचा. एका संध्याकाळी एक भोक झालं तर खूप. ढग आले तर तेही नाही.

शिमगा गेला. गावकरांनी विचारलं. भिकाजी म्हणाला, पुढचं ग्रहण होईपर्यंत थोडी राहू द्या. गावकर चार लोकांत त्याच्यावर ओरडले. त्यानंतर त्यांनी परत कधी विचारलं नाही. पुढच्या देवदिवाळीलाही ते मागे मागे चालले.

सदुसष्टच्या श्रावणात भिकाजीला ताप आला. त्याने खाट अंगणात फणसाखाली काढायला लावली. पाऊस पडत होता, तरी. तुळसाने दुकानातली एक छत्री त्याच्यावर धरली. तो वर बघून म्हणाला, "हेका भोक आसा." तीच छत्री त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. दोन दिवसांनी तो गेला.

देवाची छत्री आता धोंडू धरतो. ती न्यायला तो आला तेव्हा मी तिथे होतो. तुळसाने ती पेटीतून काढून दिली.

"सुई काढू नको," ती म्हणाली.

"वैनी, देवाक टोचली तर?"

"देवाक टोचूची नाय. तुका टोचात. म्हणान सांगतंय. तेंचा काम अर्धा ऱ्हवलां हा. तू तेका हात लावू नको, मी पण लावणंय नाय."

धोंडू छत्री अंगापासून लांब धरून चालतो. झालरीच्या वरचा एक पट्टा शिवायचा राहिला आहे. त्यातलं पहिलं भोक अर्ध्यापर्यंत बुजलं आहे. तिथे सुई टोचलेली आहे आणि लाल दोरा खाली लोंबतो आहे.